हातांचे शिक्षण

शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाजवळ काय असावे, असा प्रश्न आईबापांना विचारला तर बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर येते : चांगले गुण. गुणपत्रिकेची ही प्रतिष्ठा निष्कारण आहे असे नाही. ज्या घरात पिढ्यानपिढ्या अक्षरओळख नव्हती, त्या घराला दहावीच्या निकालाचा कागद बंद दाराच्या किल्लीसारखा वाटतो, आणि काही प्रमाणात तो तसा असतोही. परंतु दार उघडल्यावर आत जाऊन काय करावयाचे, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. नोकरीच्या मुलाखतीला आलेला तरुण ओहमचा नियम अचूक सांगतो. पण खोलीतला दिवा का लागत नाही ते जरा पाहा, असे म्हटले की त्याचे हात मागे सरतात. नफातोट्याची उदाहरणे त्याने शेकड्यांनी सोडविलेली असतात. पण एका साध्या बाकाला लाकूड किती लागेल, मजुरी किती पडेल आणि तो किती रुपयांना विकावा, असे विचारले तर तो गोंधळून जातो. त्याची बुद्धी कमी असते असे मुळीच नव्हे. आपण जे शिकलो ते आपल्याला करताही येते, हा अनुभव घेण्याची संधी त्याला कोणी दिलेली नसते, एवढेच.

या उणिवेला आपण आत्मविश्वासाचा अभाव असे नाव देतो आणि ती भरून काढण्यासाठी व्याख्याने ठेवतो. व्याख्यानाने चार घटका हुरूप येतो, हे खरे. पण काठावर उभ्या असलेल्या मुलाला कितीही धीर दिला तरी पाण्यात उतरल्याशिवाय त्याची भीती जात नाही. धीर आधी आणि काम मागाहून, असा क्रम आपण धरून चालतो. वास्तवात तो बहुधा उलटा असतो. हातून एखादे काम नीट पार पडते, ते दुसऱ्याच्या उपयोगी पडते, आणि त्यानंतर मनाला धीर येतो.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध लेखन, हिशेब, इतिहास व भूगोल यांच्याबरोबरच शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान दिले जावे, अशी मागणी केली होती. त्यानंतर अवघ्या ८ वर्षांनी, १८९० मध्ये, बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले. यंत्रविद्या, रंगविद्या यांसारखे विषय विद्यार्थ्याला समजेल अशा देशी भाषेत शिकवावेत, असा गज्जरांचा आग्रह होता. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी, हे पुष्कळांना ठाऊक असेल. पुढे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उत्पादक हस्तव्यवसायाभोवती सर्व शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. १९६६ साली कोठारी आयोगाने आपला अहवाल सादर केला. कोल्हापूरचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. कार्यानुभव हा सर्वच शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, अशी त्या अहवालाची शिफारस होती.

इतकी थोर माणसे इतक्या स्पष्टपणे सांगत असताना शाळा मात्र फळा आणि वही यांच्यापलीकडे फारशी का गेली नाही? याची कारणे मोकळेपणाने पाहिली पाहिजेत. पहिले कारण असे की, पुष्कळ ठिकाणी हस्तव्यवसायाचे कर्मकांड झाले. तासाची घंटा वाजली म्हणून टकळी फिरवावयाची, घंटा वाजली म्हणून ठेवावयाची. त्या सुताचे काय होते याची ना मुलाला चौकशी, ना शिक्षकाला. ज्या वस्तूची कोणी वाट पाहत नाही ती करताना मुलाचे मन लागत नाही. दुसरे कारण शिक्षकाचे. ज्याने स्वतः कधी रंधा धरला नाही किंवा वाफा बांधला नाही, त्याच्या गळ्यात हा विषय वेळापत्रकाची सोय म्हणून बांधला गेला. तिसरे कारण अधिक खोल आहे. आपल्या समाजात हातांनी काम करणारे आणि लेखणी चालविणारे यांची प्रतिष्ठा जातिव्यवस्थेने शतकानुशतके वेगवेगळी ठरविली. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या केवळ श्रम आले, त्यांना शाळेतही मुलाच्या हाती कुदळ दिसली की संशय येतो. आणि हा संशय अगदी न्याय्य आहे. ‘साहेबांची मुले इंग्रजी शिकणार आणि आमची मुले सुतारकाम शिकणार काय?’ असे एखाद्या बापाने विचारले, तर त्याला उत्तर देण्याची जबाबदारी आपली आहे.

ते उत्तर शब्दांनी देता येणार नाही. ते योजनेच्या रचनेतूनच दिले पाहिजे. अशी रचना कशी असू शकते याचा एक नमुना पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, पाबळ या कमी पावसाच्या गावी पाहावयास मिळतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेले शास्त्रज्ञ. मुंबईस हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधन केंद्रातील वरिष्ठ पद सोडून त्यांनी १९८३ साली पाबळ येथे विज्ञान आश्रम उभा केला. शाळा सोडलेल्या मुलांनाही तेथे प्रवेश होता. कलबागांचे २००३ साली निधन झाले, परंतु त्यांनी घालून दिलेली पद्धत महाराष्ट्रातील व इतर राज्यांतीलही अनेक शाळांनी स्वीकारली आहे.

ती पद्धत थोडक्यात अशी. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातील एक दिवस कामासाठी द्यावयाचा. कामाचे चार विभाग : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. मुलगा असो की मुलगी, चारही विभाग प्रत्येकाने करावयाचे. त्यामुळे मुलगी पत्रा कापते, वेल्डिंग करते; मुलगा चिक्की बनवितो, तिचे वजन करून वेष्टन बांधतो. ओळंबा आणि पाणसळ लावून भिंत सरळ आहे की नाही हे पाहताना भूमितीतील काटकोन वहीतून उतरून विटांवर येतो. जिन्याचा दिवा वरून आणि खालून दोन्ही बटणांनी लागावा अशी तारांची जोडणी करताना विद्युत्‌मंडळाची आकृती एकदाची समजते. मातीची तपासणी करताना रसायनशास्त्राचा आणि रक्तातील हिमोग्लोबिन मोजताना शरीरशास्त्राचा धडा आपोआप होतो. शिक्षक पुष्कळदा गावातलाच कारागीर असतो. ज्याला आजवर कोणी गुरुजी म्हटले नव्हते, त्या गवंड्याला आणि वायरमनला मुले गुरुजी म्हणून हाक मारतात. प्रतिष्ठेविषयीच्या शेकडो भाषणांनी जे साधणार नाही, ते या एका हाकेने साधते.

या पद्धतीचे खरे मर्म मात्र पुढेच आहे. मुलांनी केलेले काम शाळेच्या कपाटात ठेवावयाचे नसते. शाळेचे कुंपण, गावातल्या कुणाच्या घराची वीजजोडणी, कुणाच्या शेतासाठी रोपे, अशी खरी कामे योग्य मोबदला घेऊन करावयाची असतात. त्यासाठी मापे घ्यावी लागतात, आकृती काढावी लागते, साहित्याची यादी व खर्चाचा अंदाज मांडावा लागतो, ठरल्या दिवशी काम पुरे करावे लागते. आणि फाटक नीट लागत नसेल तर गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकून घेऊन ते पुन्हा बसवावे लागते. परीक्षेतील चुकीचे गुण जातात आणि प्रकरण संपते. येथे चूक दुरुस्त करूनच सुटका होते. नोकरी देणारा मनुष्य उमेदवारात जे शोधत असतो, म्हणजे नेमके बोलणे, वेळ पाळणे, हिशेब चोख ठेवणे, चार जणांत मिळून काम करणे, ते सारे या एका व्यवहारात सामावलेले आहे. कलबागांच्या योजनेत मुलाला सुतार किंवा गवंडी बनविण्याचा हेतू नव्हता. पुढे तो डॉक्टर होवो, कारकून होवो की शेतकरी, त्याची बुद्धी हातांच्या द्वारा तल्लख व्हावी, हा हेतू होता. मघाच्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. हे शिक्षण गरिबाच्या मुलासाठी वेगळे काढलेले नसावे. ते सर्वांसाठी असावे, आणि गणित, विज्ञान व इंग्रजी यांच्या जागी नव्हे, तर त्यांच्या जोडीने असावे. एवढी अट सुटली की उत्तम योजनाही जुन्या विषमतेचे नवे नाव ठरते. त्याचप्रमाणे शाळेतील काम हे शिक्षणच राहिले पाहिजे. स्वस्त मजुरीसाठी मुलांचा उपयोग करण्याची वाट त्यातून कोणालाही मिळता कामा नये.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे काही आकडे दिले आहेत. १९ ते २४ वयाच्या भारतीय कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहूनही कमी. जर्मनीत ते ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. सहावी ते आठवीच्या काळात मुलांनी केव्हातरी १० दिवस दप्तराविना यावे आणि स्थानिक कारागिरांजवळ काम शिकावे, असेही त्या धोरणात सुचविले आहे. दिवस थोडे आहेत. पण ते सहलीत न घालविता सुताराच्या, माळ्याच्या किंवा कुंभाराच्या शेजारी बसून घालविले, तर १० दिवसांतही पुष्कळ होते.

सरकारच्या आदेशाची वाट न पाहताही बरेच करता येण्याजोगे आहे. आपण दिल्लीस असा, इंदुरास असा, की हैदराबादेस. मराठी मंडळांच्या ज्या शाळा आणि ज्या संस्था परप्रांतांत चालतात, त्यांच्या सभासदांत अभियंते आहेत, परिचारिका आहेत, हिशेबनीस आहेत, निवृत्त कारागीर आहेत. त्यांनी महिन्यातून एक शनिवार शाळेला द्यावा. घरीही मुलाच्या हाती वीजबिल द्यावे आणि ते कसे आकारले हे त्याला समजावून सांगावयास लावावे; बँकेतला अर्ज त्यालाच भरू द्यावा; नळ गळू लागला तर प्लंबरशेजारी त्याला उभे करावे आणि पुढच्या वेळी पाना त्याच्या हाती द्यावा. पहिल्या खेपेस वेळ अधिक लागेल, थोडे नुकसानही होईल. पण मुलाच्या हातातले काम काढून घेऊन ते आपण झटपट उरकतो, तेव्हा त्याहून मोठे नुकसान होते. ते मात्र पुढे कित्येक वर्षे दिसत नाही.

गुण मिळवावेत, ते आवश्यकच आहेत. पण आपल्या मुलाने अथवा मुलीने शाळा सोडताना गुणपत्रिकेबरोबर एखादी अशी वस्तूही मागे ठेवलेली असावी की जी अजून कोणाच्या तरी उपयोगात आहे : एखादा बाक, एखादे कुंपण, एखादे झाड. ‘हे मी केले’ असे ज्याला वयाच्या पंधराव्या वर्षी म्हणता आले, तो विसाव्या वर्षी परक्या दारात उभा राहिला तरी त्याची मान सहसा खाली जाणार नाही.