चुना, काच आणि वीट

चुना म्हटला की डोळ्यांपुढे पानदान येते, नाही तर दिवाळीला रंगवलेली भिंत. पण हाच चुना काचेच्या पेल्यातही असतो. आणि विटेत खड्याच्या रूपाने शिरला, तर वीट फोडतो.

आधी काच पाहू. नुसती वाळू वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. सोडा मिसळला की पुष्कळ कमी उष्णतेवर काम भागते. पण वाळू आणि सोडा एवढ्यांचीच काच पाण्यात विरघळते! असल्या पेल्याने पाणी कोण पिणार? शंभर भागांत दहाच्या आसपास चुना पडला, म्हणजे काच पाण्याला दाद देत नाही. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा जमवून पैसा फंड उभारला, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. अशा कारखान्यांतली नेहमीची काच वाळू, सोडा आणि चुना यांचीच.

मॅग्नेशिया आणि बॅरिया ही चुन्याची भावंडे. रसायनशास्त्रात या कुळाला अल्कधर्मी मृदा म्हणतात. मॅग्नेशिया सुमारे २८०० अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून पोलादाच्या भट्टीला आतून त्याच्या विटा लावतात. बॅरियाने काचेला झळाळी येते. भिंगांच्या काचेत तो घालतात.

आता आपल्या दाराशी येऊ. देवगाव फाट्यापासून परभणीपर्यंत मुलूख काळ्या मातीचा. या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. ते विटेच्या मातीत राहिले, तर भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. वीट दिसते चांगली. पण ओल लागली की आतला चुना विरतो, फुगतो आणि विटेचा पापुद्रा उडवतो. मडक्याचेही तसेच. कर्ज काढून बांधलेल्या घराची भिंत अशी झडू लागली, तर दोष कुणाला द्यायचा?

उपाय साधा आहे. माती चाळावी, खडे वेचावेत. बारीक पूड झालेला चुना भाजताना मातीशी एकजीव होतो. तो त्रास देत नाही. विटा घेण्याआधी चार विटा भिजवून आठवडाभर ओलसर ठेवा. पांढऱ्या ठिपक्याभोवती पापुद्रा सुटला, तर तो माल घेऊ नका.

गुरुजींनी हा पाठ वर्गात जरूर घ्यावा. पांढरा खडा कुटून त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले, की समजा चुनखडी आहे. कळीचा चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नये. डोळ्यांत गेला तर दृष्टीला धोका असतो.