भाऊबीज आणि आग्रा रस्ता
(न्यासाच्या महोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून काही विद्वत्तेचे बोलावे, अशी कार्यवाहांची अपेक्षा असावी. परंतु आमचा विषय अगदी घरगुती आहे. भाऊबीजेला इंदूरहून नाशिकला सहकुटुंब गेलो, त्या प्रवासाची हकीकत सांगण्याची परवानगी असावी.

आपण इंदूरकर मराठी माणसे या रस्त्याची जुनी ऋणको आहोत. होळकरांच्या राज्यात आपले पूर्वज कोणी कारकून, कोणी शिलेदार, कोणी भिक्षुक म्हणून नर्मदा ओलांडून माळव्यात आले आणि इथेच रुजले. पण सोयरीक जमवताना नजर पुन्हा दक्षिणेकडे वळे. मुली तिकडे दिल्या, सुना तिकडून आणल्या. त्यामुळे आग्रा-मुंबई रस्ता ही आपल्या लेखी माहेर-सासरची वाट. आज त्याच्या इंदूर ते धुळे या भागाला राष्ट्रीय महामार्ग ५२ म्हणतात, पण आमचे वडील अजून 'आग्रा रोड'च म्हणतात.

वडिलांचे वय ८१, नाशिकच्या आत्यांचे ८६. दोघांच्या आजारपणांमुळे पाच वर्षे भाऊबीज टेलिफोनवर झाली होती. यंदा वडिलांनी निक्षून सांगितले, "पाटावर बसेन तर ताईच्याच घरी. पुढच्या वर्षाचे कोणी पाहिले आहे?" त्यापुढे कोण काय बोलणार?

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४. पहाटे निघायचे ठरले आणि रिवाजाप्रमाणे सातला निघालो. वडील, आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई, दोन नातवंडे आणि फराळाचे चार डबे. मानपूरच्या घाटात धाकट्या नातीला गाडी लागली आणि आत्यांसाठी घेतलेली नवी शाल पहिल्या तासातच कामी आली. खलघाटला नर्मदेचा पूल लागला. वडिलांनी गाडी थांबवायला लावून हात जोडले आणि नातवाला सांगितले, "इथून वर थोड्याच अंतरावर महेश्वर. अहिल्याबाईंनी तिथूनच राज्य केले." नातवाने विचारले, "त्यांना भाऊ होता का?" लहान मुलांचा विचार त्या दिवसाला धरून असतो, तो असा.

सेंधव्याच्या अलीकडे इंजिन तापले. झाकण उघडून पाहतो तो पाण्याची रबरी नळी फाटलेली. ढकलत, थांबत, पाणी ओतत कसेबसे गावात शिरलो. पहिले गॅरेज बंद, दुसरे बंद, तिसऱ्याचे दार लोटलेले. आत एक पोरगा डबा खात बसला होता. तो म्हणाला, "उस्ताद बहन के यहाँ गए हैं, टीका करवाने." बाकीच्या दोघांचीही तीच कथा. साऱ्या गावाचे भाऊ आपापल्या बहिणींकडे गेले होते आणि त्यामुळेच एका भावाला बहिणीकडे जाता येत नव्हते. रागवायचे तरी कोणावर?

दुपारचे अडीच वाजले. फराळाचा एक डबा संपला. वडील गॅरेजच्या बाकावर काही न बोलता घड्याळ पाहत होते. आम्ही आत्यांना टेलिफोन केला. त्या एवढेच म्हणाल्या, "सावकाश या. त्याला उन्हात बसवू नका."

तीनच्या सुमारास उस्ताद आले. कपाळावर टिळा, त्याला चिकटलेले तांदूळ, हातात मिठाईची पुडी. वडिलांच्या तोंडून सगळे ऐकल्यावर त्यांनी कपडेही बदलले नाहीत. एका जुन्या गाडीची नळी काढून बसवली आणि अर्ध्या तासात आम्हांला रस्त्याला लावले. मजुरी चोख घेतली, पण वर देऊ केलेले पैसे परत केले. मिठाईच्या पुडीतले दोन पेढे मात्र वडिलांच्या हातावर ठेवले.

बिजासन घाट उतरून महाराष्ट्रात आलो, तापी ओलांडली. आता कसली अडचण, असे म्हणतो तोच धुळ्याच्या पुढे मागचे चाक बसले. जादा चाक सामानाच्या तळाशी! रस्त्याच्या कडेला वळकट्या, पिशव्या, डबे सारे उतरवले. त्या धांदलीत चकल्यांच्या डब्यावर चिरंजीवांचा पाय पडला. इतक्यात नातवाने पश्चिमेकडे बोट दाखवले. बीजेची कोर मावळतीला टेकत आली होती. वडिलांनी उभ्या उभ्या हात जोडले.

चांदवडच्या टोलनाक्यावर फास्टॅगने ऐनवेळी दगा दिला, त्यात आणखी वेळ गेला. तिथला अहिल्याबाईंचा रंगमहाल मुलांना दाखवायचा बेत अंधारातच राहिला. नाशिकला पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

आत्या सोप्यात बसून होत्या. पाट मांडलेला, रांगोळी थोडी पुसटलेली. संध्याकाळी त्यांनी रीतीप्रमाणे चंद्राला ओवाळून घेतले होते. भाऊ नसलेल्या बायकाही चंद्रालाच ओवाळतात, हे आपण जाणताच. त्यामुळे ती वेळ त्यांना कशी गेली असेल, ते विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. भाचेसुनेने पंचांग पाहून हळूच सांगितले, "आत्या, द्वितीया दहालाच संपली." आत्या निरांजनात तूप घालत म्हणाल्या, "तिथी पंचांगात असते, भाऊ दारात आहे. पाट सरळ कर."

दुसऱ्या दिवशी वडिलांनी सोबत नेलेली घराण्याची वंशावळ काढली. नातीने ती बोटाने चाचपत विचारले, "यात आत्याआजी कुठे आहे?" खरोखरच ती कुठे नव्हती. सात पिढ्यांचे पुरुष होते, मुलगी एकही नव्हती. मग आत्या सांगू लागल्या : त्यांच्या आत्या धारला दिलेल्या, त्यांच्या आत्या बडोद्याला, आणखी एक बेळगावला. कोणाला किती मुले, कोण बाळंतपणात गेली, कोणाचे घर अजून नांदते आहे, हे सारे त्यांना मुखोद्गत. सूनबाईंनी दोन दिवस बसून ते वहीत उतरवले. एकवीस नावे निघाली. त्यांतील बहुतेक नावे आत्यांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. भाऊबीज पुन्हा टेलिफोनवर उरकली असती, तर ती वही झाली नसती.

मंडळी, आपला न्यास विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो, निराधारांना साहाय्य करतो, ते चालू राहीलच. या महोत्सवी वर्षात आमची एक लहानशी सूचना आहे. प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या घराण्यातील लेकींची नावे, त्यांची सासरची गावे आणि त्यांची मुलेबाळे लिहून काढावी आणि त्याची एक प्रत न्यासाच्या कार्यालयात द्यावी. काम खर्चाचे नाही. मात्र ज्यांना ही नावे पाठ आहेत त्या आत्या, मावश्या, आज्या आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. म्हणून येत्या सुटीतच निघावे. वाटेत नळी फाटेल, चाक बसेल, तरीही निघावे. फराळाचे डबे मात्र जादा चाकावर रचू नयेत.