तो शेवटचा एक्स-रे कुठे आहे?

टीबी कसा होतो, खोकताना तोंडावर रुमाल का धरायचा, हे विरारच्या चंदनसारमधल्या श्रोत्यांना पुन्हा सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते सहा महिन्यांच्या गोळ्या पुऱ्या करून ‘सुटलो एकदाचा’ म्हणत फाइल माळ्यावर टाकणाऱ्यांशी. आणि त्यांनाही मुख्यतः एकच विचारायचंय. उपचार संपताना काढलेला छातीचा एक्स-रे कुठे आहे?

2018च्या जुलैत आपल्या वसई-विरारमध्ये पाणी भरलं, लोकल बंद पडल्या. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा, पाणी ओसरलं त्याच दिवशी घर राहण्याजोगं झालं का? गाळ उपसायचा, गाद्या टाकायच्या, आणि भिंतीतली ओल तर दिवाळीपर्यंत हटत नाही. फुप्फुसाचं तसंच आहे. जंतू मेले, पण कुणाच्या फुप्फुसात पोकळी राहते, कुणाच्या श्वासनलिका सैल पडून कफ साचतो. म्हणून विरार स्टेशनचा पूल चढताना दम लागतो. घरच्यांनो, अशा माणसाला आळशी म्हणू नका. आणि हा दम म्हणजे दर वेळी टीबी परत आला असंही नाही.

भिंतीवर पाण्याची रेघ राहते ना, तसा एक्स-रेवर डाग राहतो. तुम्ही घरातले, तुम्हाला ठाऊक असतं की ही रेघ जुनी. नवीन भाडेकरू मात्र ती बघून घाबरतो. नव्या डॉक्टरांपुढे जुना एक्स-रे नसेल, तर डाग जुना की नवा हे त्यांनी कशावरून ठरवायचं? मग कुणी नुसत्या डागावर पुन्हा सहा महिने गोळ्या चालू करतो. कुणी ‘जुनंच आहे’ म्हणतो आणि खरोखर उलटलेला टीबी नजरेतून सुटतो. दोन्हीकडून मार तुम्हालाच. बेडक्याची मशीनवरची तपासणीसुद्धा कधीकधी मेलेल्या जंतूंचे अवशेष पकडते. तेव्हा ‘मला आधी टीबी झाला होता’ हे आधी सांगा. लग्न जमवताना लपवता ते लपवता, डॉक्टरांपासूनही लपवायचं? मी तर म्हणते, सांगा आणि एक्स-रे पुढे ठेवा.

गोळ्या संपल्यावर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी तपासणीला जायचं असतं. सरकारी कार्यक्रमातच आहे हे, माझ्या पदरचं नाही. टीबी उलटायचा तर बहुतेकदा याच दोन वर्षांत उलटतो. ‘मला काही होत नाही’ म्हणून चुकवू नका. आणि जाताना काय न्यायचं? बरोबर, तोच एक्स-रे.

दम टिकून असेल तर नळीत फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी मागून घ्या. कफ काढायचे, श्वासाचे व्यायाम शिकून घ्या. चालणं रोज थोडंथोडं वाढवा, लगेच जीवदानीच्या गडाच्या पायऱ्यांवर नवस फेडायला निघू नका. बिडी? तिच्याबद्दल मी बोलायला लागले तर वेळ पुरायचा नाही. आता खाण्याचं. उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला हजार रुपयांच्या हिशेबाने पैसे खात्यात येतात, 2024च्या नोव्हेंबरआधी हा हिशेब पाचशेचा होता. गोळ्या संपल्या की ते थांबतात. पण गेलेलं वजन तोवर भरून आलेलं असतंच असं नाही. ताटातलं अंडं, डाळ, सुकट त्या पैशांबरोबर थांबवू नका. बायकांच्या ताटातलं तर सगळ्यात आधी थांबतं, ते मी पाहिलंय...

वेळ संपत आल्याची खूण होतेय. बेडक्यात रक्त दिसलं तर थोडं असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा धरला तरी रक्त पडतं, टीबी असेल नसेल, ते डॉक्टर पाहतील. मधुमेहाचं सांगायचं राहिलंच. साखर ताब्यात नसली तर टीबी उलटायची भीती वाढते, तेव्हा तपासणीला जाल तेव्हा साखरही बघून घ्या.