औषध लागू पडतं तेव्हाचा ताप

मंडळी, आम्ही सरकारी नोकरीतली माणसं, डॉक्टर नव्हे. पण इंदूरहून मुंबईला टाटात जाणारी घरं आपल्यात आहेत, म्हणून बोलतो.

रक्ताच्या काही कर्करोगांत रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांत नवं जनुक घालून परत सोडतात. त्या कर्करोगावर तुटून पडतात आणि नेमका तेव्हाच ताप भडकतो, रक्तदाब कोसळतो. २०१२ साली अमेरिकेत सहा वर्षांची एमिली व्हाइटहेड अशीच अत्यवस्थ झाली. संधिवाताच्या औषधानं वाचली! आता ते औषध हाताशी ठेवूनच उपचार करतात.

आयआयटी मुंबई आणि टाटाच्या उपचाराला २०२३मध्ये मंजुरी मिळाली. परदेशापेक्षा पुष्कळ स्वस्त, तरी खर्च लाखांतच. पेशी दिल्यावर घरी परतायची घाई नको. पहिले काही आठवडे इस्पितळाजवळच राहावं लागतं. मुंबईतल्या मावशी-काकांना आधीच कळवून ठेवा.