लाईट गेली नव्हती, तरी पीसी बंद का पडायचा?

आजचा एपिसोड माझ्याच एका चुकीवर आहे. चूक साडेतीन हजारांची, आणि पैसे गेले दादाचे.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. धसईला त्याचं छोटं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सातबाऱ्याची प्रिंट. डिसेंबर 2016 मध्ये आपली धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून पेपरात गाजली होती, आठवतंय ना? पण स्वाइप मशीन असो की पीसी, पावसाळ्यात लाईट तिला हवी तेव्हाच येते.

तर जुलैमध्ये दादाचा फोन. "अरे, पीसी मधेच बंद पडतो. पोराचा ॲडमिशनचा फॉर्म अर्धा भरला होता, सगळा गेला. त्याची आई माझ्याकडे बघत बसली."

मी पुण्यात. स्क्रीन शेअर करून इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. लाल खुणांची रांगच लागली होती, आणि प्रत्येकीवर नाव: कर्नल-पॉवर, इव्हेंट आयडी 41. मी 'पॉवर' वाचलं आणि निकाल देऊन मोकळा झालो. "दादा, लाईटचा प्रॉब्लेम आहे. यूपीएस घे." बीटेक झालेला भाऊ सांगतोय म्हटल्यावर त्याने घेतला.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. "लाईट गेली नव्हती रे, तरी बंद पडला."

आता नीट ऐका. 41 चा अर्थ 'वीज गेली' असा नाहीच. त्याचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज नीट बंद न होता मशीन परत सुरू झालं. लाईट गेली तरी 41, कोणी पॉवर बटण दाबून धरलं तरी 41, निळी स्क्रीन आली तरी 41. आजारी माणूस दवाखान्यात आल्याची ती नोंद. आजार कोणता, ते आत लिहिलेलं असतं.

आत म्हणजे डिटेल्स टॅबमध्ये. तिथे 'बगचेककोड' अशी ओळ असते. ती शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायला वेळच मिळाला नाही, बहुतेकदा वीज किंवा हार्डवेअर. आकडा असेल तर विंडोजने स्वतः क्रॅश नोंदवलाय. दादाच्या काही नोंदींत 0 होता आणि काहींत 122.

इथे एक गंमत. हा आकडा दशमान पद्धतीत असतो, पण नेटवर शोधायचा तो हेक्साडेसिमलमध्ये. 122 म्हणजे सात सोळे एकशे बारा, अधिक दहा. म्हणजे 7ए. या कोडचा अर्थ: डिस्कवरचा डेटा मेमरीत वाचून आणायचा होता, वाचताच आला नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. 41 वर दिसणारी वेळ मशीन परत चालू झाल्याची असते. बंद कधी पडलं, ते 6008 या नोंदीच्या मजकुरात सापडतं. मी दादाला विचारलं, लाईट कधी कधी गेली ते आठवतंय का? तर पठ्ठ्याने बिलबुकाच्या मागे सगळं लिहून ठेवलेलं! गिऱ्हाइकांना दाखवायला, की बघा, माझी चूक नाही. ते जुळवलं. शून्यवाल्या सगळ्या वेळा लाईट गेल्याच्या. 122 वाल्यांची एकही जुळेना. मग फिल्टरमध्ये 41, 6008 आणि 7 असे तीन आयडी स्वल्पविराम देऊन टाकले. डिस्कची 7 नंबरची नोंद धडाधड समोर आली: बॅड ब्लॉक.

म्हणजे आजार दोन होते. यूपीएस अगदीच वाया गेला नाही, असं मी स्वतःला समजावतो.

तोवर दुकानात आलेल्या एका रिपेअरवाल्याने सांगितलं होतं, फॉर्मेट मारा, पीसी पळेल. त्या डिस्कवर दादाचा सात वर्षांचा सगळा डेटा होता आणि बॅकअप काहीच नाही. मी म्हटलं, "आत्ताच बंद कर. चालूच करू नकोस." शनिवारी कल्याणला उतरून मुरबाडमार्गे एसटीने गावी गेलो, डिस्क काढली, यूएसबी केबलने लॅपटॉपला लावली. आधी महत्त्वाचे फोल्डर कॉपी, मग बाकीचं. मरणाऱ्या डिस्कवर आधी चेकडिस्क चालवू नका हं. दुरुस्तीसाठी ती अख्खी डिस्क घासत बसते, त्यात उरलीसुरलीही जाते.

जाता जाता एक. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असे फोन करणारे भामटे लोकांना हाच इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावतात आणि लाल खुणा दाखवून घाबरवतात. धडधाकट मशीनमध्येही लाल-पिवळ्या खुणा असतातच. बघायचं ते क्रॅशच्या वेळेच्या आजूबाजूचं.

आणि हे फक्त दुकानातल्या पीसीपुरतं नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक पाडले, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. तेव्हाही क्रॅश कोणत्या ड्रायव्हरमध्ये झाला, ते क्रॅश डम्पमध्ये दिसत होतं.

दादाकडे आता एसएसडी आहे. जवळपास सगळा डेटा आला, फक्त त्याच्या लग्नाच्या फोटोंचा एक फोल्डर नाही उघडला. वहिनी अजून माझ्याशी त्या विषयावर बोलत नाहीत. जुनी डिस्क मी पुण्याला घेऊन आलोय, अजून एकदा प्रयत्न करतो.

तुमच्या 41 मध्ये शून्य आहे की आकडा, ते बघून मला सांगा. भेटू पुढच्या रविवारी.