‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं?



सॉफ्टवेअरमध्ये नोकरी आहे म्हटल्यावर पिंपळगावहून मला फोन येतात. “ताई, अर्ज चालत नाही.” बस्स, एवढंच. विहिरीवरची मोटार बंद पडली, तर हाच माणूस मेकॅनिकला सगळं नीट सांगतो. मोटार घुमते पण पाणी उचलत नाही, की बटण दाबताच स्टार्टर ट्रिप होतो, कधीपासून होतं. कॉम्प्युटरसमोर मात्र आपण बिचकतो. वाटतं, आपलंच काही चुकलं असेल.

आपल्याच मुलखाचं उदाहरण देते. ‘वऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन रीतींनी टाइप होतो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर. दुसरीत साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारी एक खूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कॉम्प्युटरच्या लेखी एकात सहा चिन्हं, दुसऱ्यात सात. म्हणजे दोन वेगळे शब्द. आता एखाद्याचं आडनाव कुऱ्हाडे. यादीत ते एका रीतीनं टाइप झालंय, शोधणारा दुसऱ्या रीतीनं टाकतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं याचा विचार केला नसेल, तर उत्तर येतं, ‘नाव सापडले नाही’. नाव यादीत असून माणूस हात हलवत परत जातो.

अशा वेळी “यादी खराब आहे” असं कळवून भागत नाही. “नुसतं ‘कु’ टाकलं की नाव दिसतं, पूर्ण आडनाव टाकलं की दिसत नाही,” एवढं कुणी सांगितलं तरी निम्मं काम झालं. इथे फोटोचा उपयोग नाही, फोटोत दोन्ही सारखेच. यादीतलं नाव आणि तुम्ही टाइप केलेलं नाव, दोन्ही कॉपी करून पाठवा. कीबोर्ड कुठला, तेही सांगा.

एरवी फोटो चालतो, पण पूर्ण पडद्याचा. लाल अक्षरातला इंग्रजी संदेश कापू नका, मला तोच हवा असतो.

१९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये दिव्यावर येतं तसलं एक पाखरू अडकलं होतं. तिथल्या लोकांनी ते वहीत चिकटवलं. शेजारी वेळ, पॅनेल आणि रिलेचा क्रमांक लिहिला. सगळ्यांना पाखरू आठवतं. मला तो क्रमांक जास्त आवडतो.

तर फोन जरूर करा. फक्त तो पडदा बंद करून नको, समोर उघडा ठेवून करा.