एकसष्टाचे कोडे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गणिताचे शिक्षक होते, मी मराठीचा. तरीही आज मी एका संख्येविषयी बोलणार आहे, कारण तिच्याकडे मला मराठीनेच नेले.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख मी अनेक वर्षे वर्गात शिकविला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला, त्याचा हा लेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्यातील मराठी ओळी बाजारातील मालावरचे उत्पन्न मठाला दिल्याचे सांगतात. त्या ओळींतील क्रियापदांची रूपे मी फळ्यावर मांडीत असे. मठात शिकवीत तरी काय, हे मात्र कधी पाहिले नाही. निवृत्तीनंतर ‘बीजगणित’ उघडले.

तेथे एक कोडे आहे. असा वर्ग शोधा की, त्याला ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा वर्गच यावा. एकाचा वर्ग घेऊन ३ मिळविले तर ६४ येतात, म्हणजे आठाचा वर्ग. पाचाचा वर्ग घेऊन ४ वजा केले तर १५२१ येतात, म्हणजे ३९ चा वर्ग. ‘चक्रवाल’ रीतीने अशी पावले टाकीत भास्कराचार्य उत्तराला पोहोचले : २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. याहून लहान जोडी नाही. हे ११५० मधील. १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्मा यांनी हेच कोडे समकालीनांपुढे आव्हान म्हणून ठेवले.

मुलांनो, नवाचा ताळा पाहा. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३६, म्हणून तिच्या वर्गाची बाकी शून्य. १ मिळविल्यावर बाकी एक. दुसरीच्या अंकांची बेरीज ४६, बाकी एक, वर्गाचीही एकच. ताळा जुळला! ताळा म्हणजे सिद्धता नव्हे; संपूर्ण गुणाकार घरी करावा.

भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड. काही विद्वान ते विजापूर मानतात, काही पाटण. आपल्या बेळगाव-निपाणी भागात हा वाद नुसता संशोधनाचा राहत नाही. मीही सभांतून पाटणची बाजू हिरिरीने मांडली आहे. आणि तेव्हा मला हे कोडे ठाऊकही नव्हते! आज त्याची लाज वाटते. आपण ज्याला पाढे म्हणतो, त्याला शेजारच्या कन्नड शाळेत मग्गी म्हणतात. पण एकसष्टाचे उत्तर दोन्हीकडे तेच येते.

आजोबा कोणत्या गावचे, हे ठरविण्यासाठी चांगदेवांनी मठ स्थापिला नव्हता. त्यांचे ग्रंथ शिकविले जावेत, यासाठी तो होता. ज्या शाळेत ते कोडे सोडविले जाईल, त्या शाळेचा भास्कराचार्यांवर हक्क आहे. तो या शाळेने मिळवावा, हीच गुरुजींना आदरांजली.